आतल्या बाजूची किल्ली

केदारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून आणलेले शेवटचे खोके गॅरेजमध्ये रचत होते. केदार हा आमच्या आयर्लंडमधल्या कॉर्कच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, आणि उत्साह दांडगा. "काकू, तुम्ही एवढी वर्षं कुलपांच्या कंपनीत काढलीत, त्यावर लिहा ना. पण हलकंफुलकं हं! कुणाची किल्ली हरवली, कोण बाथरूममध्ये अडकलं, असं काहीतरी." मी हो म्हटलं. लिहायला बसले तर हलकंफुलकं अर्ध्या पानात संपलं. उरलं ते पुढे लिहिलं आहे. केदारला नको असेल तर त्याने छापू नये, मी रागावणार नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. ती विकली गेली आहे आणि नव्या मालकांचे वकील फार तत्पर आहेत. जर्मनीतल्या एका अरुंद खोऱ्यात, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या घणांच्या आसपास ती सुरू झाली. मूळ पुरुष गोठ्यांच्या कड्या बनवायचा. त्याच्या मुलाने खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि बोल्ट सुरू केले, नातवाने दाराच्या आत बसणारी कुलपं. असं करत पाच पिढ्या. तुमच्या दाराची मूठ, बिजागरी, आपोआप दार लावणारा वरचा दांडा, हे सगळं कुणीतरी बनवतं, हे लोकांच्या गावीही नसतं. ते असू नये, हीच त्या धंद्याची शान, असं आम्हाला कारखान्यात शिकवलं होतं. चांगल्या कुलपाची कुणाला आठवण येत नाही.

माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप होतं. मी डिप्लोमा केला, लग्न केलं, नवऱ्याच्या नोकरीमागे कॉर्कला आले. श्रीकांत रोज प्लँटवर जायचा आणि मी खिडकीतून शेजाऱ्यांची कचऱ्याची डबडी मोजायचे. मग या कंपनीच्या इथल्या शाखेची जाहिरात दिसली. एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टायरवाल्याच्या शेजारी, पाच माणसांची शाखा. मुलाखतीत साहेबांनी माझ्या हातात एक सिलिंडर, म्हणजे कुलपातला किल्ली घालायचा गाभा, दिला आणि विचारलं, हे काय आहे? मी तो तिथल्या तिथे उघडून टेबलावर त्याच्या पिना आणि स्प्रिंगा ओळीने मांडल्या. नोकरी मिळाली. परत जोडताना एक स्प्रिंग उडून साहेबांच्या कॉफीत पडली, तरीही मिळाली.

माझं काम होतं मास्टर-कीचे तक्ते करणं. ते काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा एका शाळेत साठ दारं आहेत. प्रत्येक शिक्षकाची किल्ली फक्त त्याचं दार उघडते. सफाईवाल्यांची किल्ली सगळे वर्ग उघडते पण ऑफिस नाही. मुख्याध्यापकांची किल्ली सगळंच उघडते. हे जादूने होत नाही. मी एक मोठा तक्ता करते. उभ्या ओळीत दारं, आडव्या ओळीत किल्ल्या, आणि जी किल्ली जे दार उघडेल तिथे फुली. शेजारी प्रत्येक दाराच्या सिलिंडरची माहिती, म्हणजे लांबी, रंग, आतून खुंटी की किल्ली, आणि असे बारीकसारीक रकाने. खाली तक्ता करणाऱ्याने हाताने सही करायची. कॉम्प्युटर आल्यावरही सही हातानेच. तो कागद जर्मनीला जातो, त्याबरहुकूम कुलपं बनतात, आणि कागद त्यांच्या दफ्तरात कायमचा राहतो. दार मोडलं, शाळा पडली, तरी कागद राहतो.

गमतीचं म्हणाल तर लोक आपल्या किल्लीवरून ओळखू येतात. एक मुख्याध्यापक होते, त्यांना स्वतःखेरीज कुणाकडे मास्टर नको होती. मी तीनदा सांगितलं, दुसरी एक तिजोरीत ठेवा. नाही म्हणाले. पहिल्याच उन्हाळ्यात ते पोहायला गेले आणि किल्ली समुद्रात गेली. एक बाई बँडनहून यायच्या, त्यांना नवऱ्याच्या शेडमध्ये जाता येईल पण नवऱ्याला ते कळणार नाही, असं कुलूप हवं होतं. आमच्याकडे तसं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "जर्मन ना तुम्ही?" झालं. संपलं हलकंफुलकं.

आता मॉसी.

कॉर्कपासून तासाभरावर एका गावाच्या कडेला वृद्धांसाठी चौदा बैठी घरं बांधली होती. एकेकटी राहणारी माणसं, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला बर्नी नावाची वॉर्डन. तिच्याकडे चौदाही घरांची एक किल्ली. अशा घरांना आम्ही आतून खुंटी देतो. बाहेरून किल्ली, आतून नुसती फिरवायची खुंटी. म्हाताऱ्या माणसाला घाईत किल्ली शोधावी लागू नये. तक्ता झाला, सही झाली.

मग रहिवाशांची बैठक झाली. प्रत्येक पुढच्या दाराशेजारी काचेची एक उभी पट्टी होती. शेजारच्या गावात चोरांनी अशीच काच फोडून, हात घालून खुंटी फिरवली होती. सगळे घाबरले. आम्हाला आतूनही किल्लीच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. आगीच्या नियमाचं काय, तर मागच्या दाराला आतून खुंटी राहील, आणि त्या दाराला बाहेरून किल्लीचं भोकच नसेल. बांधणाऱ्याने आणि गावच्या समितीने ते मान्य केलं. शुक्रवारी दुपारी फोनवर मला सांगितलं, सोमवारी माल बनायला लागणार होता. मी तक्ता उघडला, चौदा दारांपुढच्या 'खुंटी'च्या रकान्यात 'किल्ली' केलं, पुन्हा सही केली आणि पाठवून दिला.

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो. दोन्हीकडून किल्ली असलेल्या साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली लावून ठेवली असेल तर बाहेरची किल्ली पूर्ण आत जात नाही. शेवटचे तीन-चार मिलिमीटर बाहेर राहते आणि फिरत नाही. त्यावर उपाय म्हणून एक आपत्कालीन रचना मिळते. ती असली की आत किल्ली असली तरी बाहेरून दार उघडतं. जर्मनीत ती सरसकट देतात, त्यांच्या फॉर्मवर तिथे आधीच खूण असते. आमच्या आयरिश फॉर्मवर ती जागा मोकळी ठेवलेली होती, कारण इथे बहुतेक दारांना आतून खुंटीच असते आणि खुंटीला त्या रचनेची गरज नसते. मी एक रकाना बदलला आणि शेजारचा तसाच ठेवला. इतकंच झालं. लिहायला दोन ओळी लागल्या.

किल्ल्या द्यायला मी स्वतः गेले होते. आमचा फिटर डेक्लन कुलपं बसवून थांबला होता. पंचावन्नचा आडव्या अंगाचा माणूस, सुतारकाम शिकून आलेला, मला 'गर्ल' म्हणायचा आणि मी काहीही विचारलं की "ग्रँड", म्हणजे सगळं ठीक, म्हणायचा. सहा नंबरच्या घरात मॉसी. दुधाच्या डेअरीत आयुष्य काढलेले, ऐंशीच्या पुढचे, टोपी घरातसुद्धा डोक्यावर. शेजारी त्यांची मुलगी नोरीन, गावातल्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करणारी.

"जगात किती किल्ल्यांनी माझं दार उघडतं?" मॉसींनी विचारलं.

"चार. तुमच्या दोन, नोरीनकडे एक, बर्नीची एक."

"आणि तुझी?"

"माझी नाही."

"बनवणाऱ्याकडेच नाही? मग तुझा माझ्यावर फार विश्वास आहे," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग मला सांगत बसले, की जुन्या घरी दाराला किल्ली बाहेरून लावलेलीच असायची. रात्रंदिवस. येणाऱ्याने फिरवावी आणि आत यावं. सगळ्या गावात तसंच. किल्ली हरवत नाही, कुणी खोळंबत नाही. "बायको गेली तेव्हा माणसं दार न वाजवता आत आली होती, म्हणून मला उठावं लागलं नाही."

मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ज्याने ऐंशी वर्षं किल्ली दारातच ठेवली, तो ती खिशात ठेवणार आहे थोडाच? माझ्या धंद्यात माणसाची सवय ही दाराच्या जाडीइतकीच महत्त्वाची, हे मी नव्या लोकांना शिकवायचे. मी मॉसींचं बोलणं कौतुकाने ऐकलं, फोटो काढला, चहा घेतला आणि निघून आले.

त्याला दीड वर्ष झालं असेल. एका मंगळवारी सकाळी बर्नीचा फोन आला. सहा नंबरमध्ये किल्ली लागत नाहीये. मॉसी सकाळच्या भेटीला दार उघडत नाहीत, पडदे लावलेले आहेत, बहुधा नोरीनकडे गेले असतील, पण एकदा आत डोकवायचं होतं.

"किल्ली आत जाते का?" मी विचारलं.

"जाते, पण पूर्ण नाही. शेवटचा तुकडा बाहेर राहतो. आणि फिरत नाही."

वाचणाऱ्यांनाही आता कळलं असेल. कुलूप सांगत होतं की आतून किल्ली लावलेली आहे, म्हणजे माणूस आत आहे. मला ते ऐकू आलं नाही. कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं, की माझ्या सिलिंडरला आपत्कालीन रचना आहे, तेव्हा आतल्या किल्लीने अडणं शक्यच नाही. मग उरलं काय? वाकडी किल्ली, नाहीतर भोकात कचरा. मी बर्नीला म्हटलं, "दुसऱ्या घराची किल्ली घेतली नाहीस ना? जरा स्प्रे मार. डेक्लन दुपारी त्या बाजूला आहे, तो बघेल." आणि वर हसून म्हटलं, "आमची कुलपं दगा देत नाहीत."

बर्नीने माझ्यावर विश्वास ठेवला. मी कंपनी होते ना. नोरीन कामावर होती, तिने फोन पाहिला तो जेवणाच्या सुट्टीत. बाबा माझ्याकडे नाहीत, असं तिने सांगितलं तेव्हा बर्नीने काच फोडली. हात आत घातला, किल्ली दारातच होती, तिने फिरवली. मॉसी पॅसेजमध्ये पडलेले होते. आदल्या संध्याकाळपासून. शुद्धीवर होते. बर्नीने दार खडखडवलेलं त्यांना ऐकू आलं होतं, पण ओरडायला आवाज निघत नव्हता. दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी गेले.

डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला. सकाळी सापडले असते तर वाचले असते का, हे कुणी सांगू शकलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मी मात्र त्याच संध्याकाळी तक्ता काढून बघितला. चौदा ओळी, चौदा रिकामे चौकोन, खाली माझी सही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना दाखवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं, बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाले, "समितीने मागितलं होतं दोन्हीकडून किल्ली. आपण दोन्हीकडून किल्ली दिली. ऑर्डरप्रमाणे कुलूप बरोबर आहे." हे वाक्य तंतोतंत खरं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

दोन आठवड्यांनी नोरीन आमच्या शोरूममध्ये आली. काळा कोट, हातात बाबांची किल्ली. तिने साहेबांना एकच विचारलं, "किल्ली आत नसती तर दार उघडलं असतं?"

"हो," साहेब म्हणाले. "कुलूप ऑर्डरप्रमाणेच होतं. त्यात काही दोष नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल छातीशी धरून उभी होते. मी मान हलवली. ती "थँक्यू" म्हणाली, अगदी हळू, आणि निघून गेली. कुलपात दोष नव्हता याचं तिला इतकं वाईट का वाटावं, हे मला तेव्हा समजलं नाही. मी समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तिने आणखी काही विचारलं नाही, याचंच मला हायसं वाटत होतं. ते हायसं वाटणं मला आजही विसरता येत नाही.

उरलेल्या घरांचे सिलिंडर आम्ही महिन्याभरात बदलले. 'नवीन सुधारित मॉडेल, कंपनीकडून भेट' असं पत्र पाठवलं. डेक्लनने पहिला जुना सिलिंडर काढला, दोन्हीकडून किल्ल्या घालून पाहिल्या आणि व्हॅनमध्ये माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कुणाला तरी सांगायला हवं तुला, गर्ल." मी म्हटलं, साहेबांना सांगितलंय. तो "ग्रँड" म्हणाला नाही. रहिवाशांनी आम्हाला आभाराचं कार्ड पाठवलं, सगळ्यांच्या थरथरत्या सह्या असलेलं. ते शाखा बंद होईपर्यंत नोटीस बोर्डावर होतं. काढून टाकायची माझी हिंमत झाली नाही, आणि रोज ते बघणंही जमत नव्हतं.

घरी श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या एकटीची चूक नाही ती. फॉर्म चुकीचा होता." हेही खरं होतं. अशा खऱ्या वाक्यांवर मी सहा वर्षं काढली.

कंपनीचा मोठा वाढदिवस आला तेव्हा कारखान्यात समारंभ होता, आणि एक जाडजूड स्मरणग्रंथ निघणार होता. प्रत्येक देशाच्या शाखेने एक पान लिहायचं. मी जर्मनीला गेले, आणि दफ्तर बघायला मागितलं. तिथे लेंझ नावाचे गृहस्थ होते, निवृत्तीला टेकलेले, त्यांचे वडील आणि आजोबाही याच कंपनीत तक्ते करायचे. तळघरात लोखंडी कपाटांच्या रांगा. त्यांनी मला अभिमानाने गोठ्याच्या कड्यांची वही दाखवली, बॉम्बनं पडलेल्या शहरांना पुन्हा खिडक्या-दारं दिली त्या काळच्या ऑर्डरी दाखवल्या. मधल्या काही वर्षांचं कपाट त्यांनी ओलांडलं. मी विचारलं, हे काय? त्यांनी खिशातून किल्ली काढली.

दुसऱ्या महायुद्धातली वर्षं. त्यांनी एक कागद काढून मला दाखवला. पुष्कळ कुलपांची ऑर्डर. बाहेरून मूठ आणि किल्ली, आतून काहीच नाही. ना मूठ, ना भोक, कोरी पट्टी. पत्त्याच्या जागी फक्त एक आकडा. खाली नेटकी सही.

"माझे आजोबा," लेंझ म्हणाले. "सगळी मापं अचूक आहेत. एकही तक्रार आली नाही."

"ते यावर कधी काही बोलले?"

"एकदाच. माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ऑर्डर बरोबर पुरी केली." त्यांनी कागद परत ठेवला. "ग्रंथात हे येणार नाही. मी दोनदा लिहून दिलं, दोनदा वगळलं. मी फक्त कागद जपतो. तेवढंच जमलं मला."

माझी गोष्ट आणि ती एका पारड्यात घालायचा वेडेपणा मी करत नाही. कुठे तो कागद, कुठे माझा रिकामा चौकोन. पण वाक्य तेच होतं. तेच वाक्य, तीच आब राखून बोलायची पद्धत. आपण एखाद्या जुन्या घराण्यात लग्न करून आलो आहोत आणि त्यांच्या घरची बोलायची रीत नकळत उचलली आहे, असं मला वाटलं.

परत आल्यावर मी आयर्लंडचं पान लिहिलं. त्यात मॉसी लिहिले, नाव बदलून, रकाना मात्र न बदलता. साहेबांनी ते न वाचता पुढे पाठवलं, किंवा वाचून पाठवलं, मला माहीत नाही. ग्रंथ आला तेव्हा आमच्या वाट्याला दोन ओळी होत्या. शाखेची विश्वासू सेवा आणि बेटावरचं आव्हानात्मक हवामान. मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं.

नंतर कंपनी एका गुंतवणूकदार फंडाला विकली गेली आणि त्यांच्या हिशेबात पाच माणसांची शाखा बसेना. कागद फाडायची मशीन घेऊन एक गाडी आली. तिच्यात जायच्या ढिगातून मी एक तक्ता काढून घेतला. हे धाडस म्हणून सांगत नाही. नोकरी गेल्यावर खरं बोलायला धाडस लागत नाही. लागलं असतं तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

नोरीन मॅलो गावाच्या अलीकडे राहते. मी आधी फोन केला. "लॉक्सवाली शुभदा?" तिने ओळखलं, आणि शनिवारी दुपारी ये म्हणाली. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसवलं, केटल लावली, प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, कप काढले. चहा होण्याआधीच मी तक्ता तिच्यापुढे ठेवला. सहा नंबरची ओळ दाखवली, रिकामा चौकोन दाखवला, सही दाखवली. हा चौकोन भरला असता तर आत किल्ली असूनही बाहेरून दार उघडलं असतं, हे सांगितलं. मग बर्नीचा सकाळचा फोन सांगितला, मी काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द सांगितलं, हसले होते तेही सांगितलं. मी म्हटलं, मी माफी मागायला आले आहे, पण तू ती द्यावीस असं नाही.

नोरीनने कागदावर बोट ठेवलं ते उचललं नाही. केटल उकळून बंद झाली.

"बाबा तिथेही किल्ली बाहेरून लावून ठेवायचे," ती म्हणाली. "जुन्या घरासारखी. बर्नी माझ्याकडे तक्रार करायची. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, लावायचीच तर आतून लावा. वचन घेतलं त्यांच्याकडून. मी रोज त्यांना फोनवर विचारायचे, किल्ली आत लावलीत ना? तुमच्या साहेबांनी सांगितलं की किल्ली आत नसती तर दार उघडलं असतं. मी ते घरी येऊन सांगितलं. माझ्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तू मारलंस त्यांना."

ती सांगत राहिली.

"दफनासाठी आला होता, दुसऱ्याच दिवशी तो बॉस्टनला परत गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. सहा वर्षं, शुभदा. मला वाटायचं तो बरोबर बोलला." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तू तिथे उभी होतीस. फाइल घेऊन. तू मान हलवलीस."

"हो," मी म्हटलं.

मी समजत होते की माझी चूक त्या शुक्रवारची, फार तर त्या मंगळवारची. एका म्हाताऱ्या माणसापुरती. शोरूममध्ये मान हलवली तेव्हा मी काय केलं, हे मला सहा वर्षं माहीतच नव्हतं. पहिल्या चुकीला घाई होती, विसर होता. दुसरीला काही नव्हतं. तिथे मी नुसती स्वतःला वाचवत होते.

नोरीन उठली. तिने ड्रेसरवरचा फोन घेतला, नंबर शोधायला वेळ लागला. मग तो माझ्या हातात दिला आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. "त्याला सांग," ती म्हणाली. "मला जसं सांगितलंस तसं. कागदापासून."

फोन वाजत राहिला. मला वाटलं, कुणी उचलणार नाही. मग एका पुरुषाचा आवाज आला, तिकडच्या सकाळी झोपेतून नुकता जागा झालेला, घाबरलेला.

"नोरीन? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "माझं नाव शुभदा. तुमच्या वडिलांच्या दाराचं कुलूप मी लिहून दिलं होतं."